गॅरीने न पाहिलेला ओक

पहिला दिवस : त्सवासन ते व्हिक्टोरिया

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्सवासनच्या धक्क्यावरून सुटलेली बोट व्हँकुव्हर बेटाकडे निघाली तेव्हा आभाळ भरून आलेले होते आणि गार वाऱ्यात डेकवर उभे राहणारे प्रवासी मोजकेच होते. त्यांत माझी थोरली बहीण होती. तिने आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर एका, केवळ एका झाडासाठी प्रवास करायचा, असे तिने फार पूर्वीच ठरवून ठेवले होते. मला झाडांतले फारसे कळत नाही. परंतु गाडी चालवता येते आणि रोजची टिपणे काढायची सवय आहे, एवढ्या पात्रतेवर माझी सोबतीला निवड झाली.

ते झाड म्हणजे गॅरी ओक, शास्त्रीय नाव क्वेर्कस गॅरियाना. हा पानझडी ओक असून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आपोआप उगवणारी ओकची ती एकमेव जाती आहे. तेथून दक्षिणेला वॉशिंग्टन आणि ओरेगॉन या अमेरिकी राज्यांतून तो थेट कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेला आहे. आम्ही उत्तरेकडून सुरुवात करून ओरेगॉनच्या विलॅमेट खोऱ्यात थांबणार होतो.

गल्फ बेटांमधल्या अरुंद अ‍ॅक्टिव्ह पासमधून बोट जाऊ लागली, तेव्हा किनाऱ्याच्या खडकांवर तांबूस, सोललेल्या सालीची झाडे पाण्यावर ओणवलेली दिसली. ताईने लगेच नाव सांगितले, आर्ब्यूटस मेंझीझी. कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरच्या सागरी मोहिमेवरचे निसर्गअभ्यासक आर्चिबाल्ड मेंझीज यांच्या स्मरणार्थ ते दिलेले आहे. कॅनडातले लोक या झाडाला सरळ प्रजातीच्या (म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाच्या) नावाने 'आर्ब्यूटस' म्हणतात आणि सीमा ओलांडली की तेच झाड 'मड्रोन' होते.

"आठवडाभर तुला हेच ऐकावे लागणार आहे बरे का," ताई म्हणाली. "इकडचे प्रत्येक दुसरे झाड कुणाचे तरी नाव घेऊन उभे आहे."

दुपारी व्हिक्टोरियाला पोहोचलो. बसच्या खिडकीतून रस्त्याकडेला दोन-तीन वाकडीतिकडी, जवळजवळ निष्पर्ण झाडे दिसली. हीच ती का, असे मी विचारले, तर उद्या पायी जाऊन बघायचे, बसमधून बघितलेले धरायचे नाही, असे उत्तर मिळाले.

दुसरा दिवस : बीकन हिल

शहराच्या दक्षिण टोकाला, समुद्राला लागून बीकन हिल नावाचे मोठे उद्यान आहे. १८८२ मध्ये ते शहराच्या ताब्यात आले. परंतु त्याआधी कितीतरी काळ ही टेकडी लेक्वंगन या मूळनिवासी लोकांची होती आणि त्यांचे तिच्यासाठीचे नाव 'मीगन' असे आहे. उन्हाने ऊब मिळणारी जागा, असा त्याचा अर्थ येथे सांगितला जातो. त्या सकाळी तो अर्थ पटण्यासारखे ऊन मात्र नव्हते.

टेकडीच्या वाऱ्याकडच्या उतारावर गॅरी ओक भेटला. ओक म्हटल्यावर सरळसोट, भव्य वृक्षाचे जे चित्र डोळ्यांपुढे येते, त्याच्याशी या झाडाचे काही जमत नाही. खोड पुरुषभर उंचीपर्यंत जाते न जाते तोच फांद्यांना फाटे फुटतात, आणि प्रत्येक फांदी जणू दर हातभर अंतरावर विचार बदलून निराळ्या दिशेला वळते. साल करडी, उभ्या उथळ भेगांची आणि जाड असते. खडकाळ, पातळ मातीच्या जागी हे झाड खुरटे राहते. खोल मातीत मात्र वीस मीटरच्या पुढे जाते आणि काही शतके जगते.

पाने नुकती उमलत होती. इतर झाडे हिरवी होऊन गेल्यावर गॅरी ओक सावकाश जागा होतो. कोवळी पाने घडी घातल्यासारखी, तांबूस छटेची आणि मऊ लव असलेली होती, तर त्यांच्याच बरोबरीने नरफुलांचे बारीक तुरे खाली लोंबत होते. ताईने झाडाखालून गेल्या वर्षीचे एक वाळलेले पान उचलले. ते हाताच्या पंजाएवढे होते. त्याच्या दोन्ही कडांना खोल खाचा असून खाचांमधले खंड गोलसर होते. ओकच्या प्रजातीत दोन मोठे गट सहज ओळखता येतात. तांबड्या ओकांच्या गटात पानाच्या खंडांच्या टोकांना केसासारखे बारीक काटे असतात आणि बहुतेकांचे फळ तयार होण्यास दोन वर्षे लागतात. श्वेत ओकांच्या गटात खंड बोथट असतात आणि फळ एकाच हंगामात पिकते. गॅरी ओक दुसऱ्या गटातला. पानाशेजारीच फळाची रिकामी वाटी सापडली. ती इतकी उथळ होती, की तिला वाटीऐवजी बशी म्हणणेच योग्य झाले असते.

परंतु त्या उतारावर लोकांची गर्दी ओकसाठी नव्हती. झाडांखालची सगळी जमीन निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून गेली होती. हे कॅमस. त्याचे कंद लेक्वंगन लोकांचे मुख्य पिष्टमय अन्न होते; या फुलाला ते 'क्वेटलाल' म्हणतात. कंदातली शर्करा कच्ची असताना पचत नाही, म्हणून जमिनीतल्या भट्टीत तापलेल्या दगडांवर ते बराच वेळ, कधीकधी दिवसाहून अधिक काळ, मंद भाजले जात आणि त्यातून गोडवा उतरे. याच कुरणात पांढऱ्या फुलांची एक विषारी वनस्पतीही उगवते आणि तिचा कंद कॅमसच्या कंदासारखाच दिसतो. त्यामुळे फुले असतानाच खुणा करून ठेवणे किंवा विषारी झाडे वेळीच उपटून टाकणे, हे या शेतीतले महत्त्वाचे काम असे. मी मुद्दाम 'शेती' हा शब्द वापरतो, कारण ही कुरणे आपोआप टिकलेली नव्हती. पिढ्यानपिढ्या, बहुधा उन्हाळ्याच्या शेवटी, गवताला हलकी आग लावली जाई. जाड सालीचा ओक त्या आगीतून निभावे, आणि खोड जळालेच तरी बुंध्यातून पुन्हा फुटे. शंकुधारी झाडांची कोवळी रोपे मात्र त्याच आगीत जळून जात आणि कुरण मोकळे राही.

म्हणजे आपण ज्याला ओकचे रान म्हणून पाहायला आलो होतो, ते मोठ्या प्रमाणात माणसांच्या हातचे काम होते. व्हिक्टोरियाचा किल्ला केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने १८४३ मध्ये येथे उभारला, तेव्हा त्या जागेची निवड करणाऱ्या जेम्स डग्लसला हा प्रदेश आयत्या बागेसारखा वाटला होता. बाग होतीच, फक्त माळी कोण, हे त्याने विचारले नाही. (हा जेम्स डग्लस आणि पुढे ज्याची गाठ पडणार आहे तो डेव्हिड डग्लस, हे दोघे वेगळे. आडनावाचा हा घोटाळा आम्हाला आठवडाभर पुरला.)

तिसरा दिवस : ओक बे

व्हिक्टोरियाला लागूनच ओक बे नावाची स्वतंत्र नगरपालिका आहे. 'ओक' हे आपल्याकडचे आडनाव असल्यामुळे 'ओक बे नगरपालिका' ही पाटी वाचून मला उगाचच घरच्यासारखे वाटले. ताईला हा विनोद आवडला नाही. गाव या झाडावरूनच ओळखले जाते आणि जुन्या वस्तीत घरांच्या अंगणांत, पदपथांच्या कडेला, काही ठिकाणी तर रस्त्याला बाक देऊन, मोठे गॅरी ओक जपलेले आहेत. ते तोडण्यावर स्थानिक नियमांची बंधने आहेत. तरीही अंगणातला ओक आणि कुरणातला ओक यांत फरक राहतोच, कारण अंगणात त्याच्याखाली कापलेली हिरवळ असते आणि पडलेल्या फळाला रुजायला जागा नसते.

अपलँड्स पार्क या मोकळ्या रानात खालचे कुरण बऱ्यापैकी शाबूत आहे. तेथे हातमोजे घातलेली दहा-बारा माणसे पिवळ्या फुलांची झुडपे कापत होती. ते स्कॉच ब्रूम. त्याची कथा अशी सांगितली जाते : वॉल्टर कोहून ग्रँट नावाच्या वसाहतवाल्याने हवाईमधून आणलेले बी १८५० मध्ये सूक येथल्या आपल्या जमिनीत पेरले आणि त्यातली तीनच रोपे रुजली. त्या तीन रोपांची संतती आता बेटाच्या मोठ्या भागावर पसरलेली आहे. हे झुडूप मातीत नत्र वाढवते, कुरणातल्या मूळच्या फुलांवर सावली धरते, आणि त्याचे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून येथे दर वसंतात तेच काम पुन्हा करावे लागते. काम करणाऱ्या एका वयस्क बाईंनी सांगितले, की झुडूप मुळासकट उपटले तर माती उकरली जाऊन निजलेले बी जागे होते; त्यामुळे मोठे झुडूप फुलावर असताना जमिनीलगत कापणे अधिक चांगले. ताईने त्यांच्याकडून कात्री मागून घेतली आणि पुढचा तास मी दगडावर बसून राहिलो.

चौथा दिवस : त्सूहॅलेम डोंगर

मोटार भाड्याने घेऊन मालाहाटच्या वळणांवरून उत्तरेला डंकनपर्यंत गेलो. गावाजवळचा त्सूहॅलेम डोंगर चढायला फार अवघड नाही. वाटेचा बराचसा भाग डग्लस फर या शंकुधारी झाडांच्या दाट सावलीतून जातो, आणि ही झाडे इतकी उंच आहेत, की मान मागे टाकूनही शेंडे दिसत नाहीत. मग अचानक सावली संपते आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या उघड्या उतारावर ओक सुरू होतात. तेथली जमीन उथळ आणि कोरडी असल्यामुळे फरला पाय रोवता आलेले नाहीत. ओकला तेवढीच जागा पुरते. त्याखाली सूर्यफुलासारख्या पिवळ्या फुलांचे ताटवे होते आणि पलीकडे कडा एकदम तुटत होता.

कड्यावरून काउइचन खोरे दिसते, आणि तेथे बसल्यावर मला काल-परवापर्यंत न समजलेली एक गोष्ट समजली. खाली सपाटीवर शेते, घरे, तळी आणि रस्ते होते. खोल मातीतले मोठे ओक तेथे होते आणि माणसालाही नेमकी तीच माती हवी होती. ब्रिटिश कोलंबियातल्या मूळच्या गॅरी ओक परिसंस्थेपैकी ५ टक्क्यांहूनही कमी भाग आज बऱ्या अवस्थेत उरला आहे, आणि त्यात खडकाळ जागांचा वाटा मोठा आहे. म्हणजे वाकडातिकडा, खुरटा, खडकाला बिलगलेला ओक ही या झाडाची सर्वांत ओळखीची प्रतिमा झाली, ती झाड तसेच असते म्हणून नव्हे, तर तशाच जागी त्याला राहू दिले गेले म्हणून. मी हे ताईला सांगितले. "टिपून ठेव," एवढेच ती म्हणाली. तिच्याकडून ही मोठी शाबासकी समजावी.

पाचवा दिवस : पाऊस

दिवसभर पाऊस पडला. ताईने खोलीतल्या टेबलावर संगणक मांडला आणि विल्यम जॅक्सन हुकर यांच्या उत्तर अमेरिकेतील वनस्पतींवरील लॅटिन-इंग्रजी ग्रंथाची छायाचित्रित पाने उघडली. त्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात आमच्या ओकचा जन्म झालेला आहे. अर्थात झाडाचा नव्हे, नावाचा. प्रवासातला सर्वांत रंजक दिवस मी खिडकीबाहेर न पाहता घालवला, हे नमूद केले पाहिजे.

क्वेर्कस हा शब्द रोमन लोकांचा. ओकसाठीचे त्यांचे साधे नाव. लिनीयसने १७५३ च्या आपल्या ग्रंथात तो प्रजातीचे नाव म्हणून वापरला, आणि वनस्पतींच्या नावांची वैधता आजही त्याच ग्रंथापासून मोजली जाते. लॅटिनमध्ये हा शब्द पुल्लिंगी रूपाचा दिसत असला तरी स्त्रीलिंगी आहे, कारण झाडांची नावे त्या भाषेत बहुधा स्त्रीलिंगी चालतात. म्हणून जातीचे विशेषण 'गॅरियानुस' नसून 'गॅरियाना' आहे.

हे नाव सुचवणारा डेव्हिड डग्लस स्कॉटलंडच्या स्कून गावात १७९९ मध्ये जन्मला. ग्लासगोच्या वनस्पती उद्यानात काम करताना तेथे प्राध्यापक असलेल्या हुकर यांचे त्याच्याकडे लक्ष गेले, आणि त्यांच्या शिफारशीमुळे लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला नव्या वनस्पती व बियाणे गोळा करण्यासाठी पाठवले. १८२५ च्या वसंतात तो कोलंबिया नदीच्या मुखाशी उतरला. त्या प्रदेशात राहणे, फिरणे, नमुने इंग्लंडला पाठवणे हे सर्व हडसन्स बे कंपनीच्या मदतीवाचून अशक्य होते. आणि १८२२ पासून त्या कंपनीचे उपगव्हर्नर होते निकोलस गॅरी. डग्लसने आपल्या स्नेहादराची खूण म्हणून हा ओक त्यांच्या नावे केला.

गॅरी यांनी उत्तर अमेरिकेचा प्रवास केला होता, तो १८२१ मध्ये, केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या विलीनीकरणाची व्यवस्था लावण्यासाठी. ते माँट्रियलहून होड्यांनी आत गेले, रेड नदीच्या प्रदेशापर्यंत पोहोचले आणि हडसन उपसागरावरच्या यॉर्क फॅक्टरीहून जहाजाने इंग्लंडला परतले. त्या सगळ्या वाटेवर रॉकी पर्वताच्या पश्चिमेला त्यांनी पाऊल ठेवले नाही. म्हणजे ज्या झाडाने त्यांचे नाव दोनशे वर्षांच्या आसपास वागवले आहे, ते झाड त्यांनी त्याच्या मातीत कधी पाहिले नाही.

"पण मग 'गॅरियाय' का नाही?" असे मी विचारले, कारण दोन दिवसांत मीही थोडा शहाणा झालो होतो. त्यावर ताईने एक जुना संकेत सांगितला. वनस्पती ज्याने शोधली किंवा अभ्यासली, त्याचे नाव षष्ठीच्या रूपात द्यावे; केवळ सन्मान करायचा असेल तर विशेषणाचे रूप करावे. हा संकेत सर्वांनी काटेकोर पाळला असे नाही, पण या ठिकाणी तो नेमका लागू पडतो. कॅलिफोर्नियात निळसर पानांचा आणखी एक पानझडी ओक आहे; तो डग्लसने गोळा केला होता आणि हुकर व आर्नट यांनी १८४० मध्ये त्याला क्वेर्कस डग्लसाय असे नाव दिले. पाहिले त्याला षष्ठी, न पाहिले त्याला विशेषण. व्याकरणाने केलेला हा न्याय मला फार आवडला.

पूर्ण नाव मात्र 'क्वेर्कस गॅरियाना डग्लस एक्स हुक.' असे लिहिले जाते, आणि त्यातल्या 'एक्स' या दोन अक्षरी लॅटिन शब्दात एक मृत्यू दडलेला आहे. नाव नुसते सुचवून, रोजनिशीत किंवा नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहून चालत नाही. वर्णनासह ते छापून प्रसिद्ध व्हावे लागते. डग्लसच्या हातून ते झाले नाही. १२ जुलै १८३४ रोजी हवाई बेटावर, मौना केआच्या उतारावर, रानगुरे पकडण्यासाठी खणलेल्या खड्ड्यात त्याचे प्रेत सापडले. त्याच खड्ड्यात एक बैल अडकलेला होता. तेव्हा डग्लसचे वय ३५ वर्षांचे होते. हुकर यांचा ग्रंथ १८२९ ते १८४० या काळात हप्त्याहप्त्याने निघत होता. ओकचा हप्ता त्याच्या शेवटच्या वर्षांतला आहे आणि वेगवेगळ्या ग्रंथांत त्याचे साल एखाद्या वर्षाने पुढेमागे दिलेले आढळते. त्यात हुकर यांनी डग्लसचे नाव आणि त्याची अर्पणभावना जशीच्या तशी ठेवली. 'एक्स'च्या डावीकडे ज्याने नाव मनात आणले तो, उजवीकडे ज्याने ते कागदावर आणले तो. काटकसर करायची झाल्यास नियमांनुसार डावीकडचे नाव गाळता येते. बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ ते गाळत नाहीत, हे त्यांच्या सौजन्याला धरूनच आहे.

गॅरींचे भाग्य असे, की डग्लसने त्यांच्यासाठी एवढ्यावरच थांबायचे ठरवले नव्हते. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या, लोंबत्या रुपेरी तुऱ्यांच्या एका झुडपाला त्याने 'गॅऱ्या' हे प्रजातीचेच नाव दिले. ते जॉन लिंडली यांनी १८३४ मध्ये प्रसिद्ध केले आणि पुढे त्यावरून गॅऱ्याएसी हे कुलही झाले. एक ओक, एक प्रजाती आणि एक कुल इतके मानमरातब व्यापारी कंपनीच्या दुसऱ्या फार थोड्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला आले असतील.

याच ओकला इतरांनीही नावे दिली होती, परंतु ती उशिरा आली. डेन्मार्कच्या लीबमान यांनी १८५४ मध्ये क्वेर्कस नीएआय असे नाव दिले; ते एका स्पॅनिश मोहिमेवरचे वनस्पतिशास्त्रज्ञ लुई ने यांच्या सन्मानार्थ होते. पुढे रॉबर्ट ब्राउन यांनी क्वेर्कस जेकोबाय आणि क्वेर्कस ओर्स्टेडियाना अशी दोन नावे सुचवली. अग्रक्रमाचा नियम असा आहे, की एकाच जातीला अनेक नावे मिळाली तर आधी वैध रीतीने प्रसिद्ध झालेले टिकते. बाकीची पर्यायी नावे म्हणून यादीत राहतात. गंमत या ब्राउन यांच्या संक्षिप्त नावात आहे. वनस्पतिशास्त्रात 'आर. बी.आर.' म्हणजे सुप्रसिद्ध थोरले रॉबर्ट ब्राउन. त्याच नावाचे आणखी लेखक निघाल्यामुळे आमच्या या ब्राउनना 'आर. बी.आर. टेर.' म्हणतात, आणि 'टेर' म्हणजे तिसरा. झाडांची नावे सोडवायला निघालेल्या शास्त्राला आपल्या माणसांच्या नावांतही अग्रक्रम लावावा लागला.

संध्याकाळी पाऊस थांबला. ताईने वहीत नावाचे पान पूर्ण केले आणि त्याखाली 'स्थानिक नावे' असा रकाना आखला. 'गॅरी ओक' लिहून तिने पुढची जागा मोकळी ठेवली.

सहावा दिवस : पाण्यावरून आणि रुळांवरून

जलद प्रवासी बोटीने तीनेक तासांत सिअ‍ॅटल, तेथून रेल्वेने आणखी तीनेक तासांत वॉशिंग्टन राज्यातले व्हँकुव्हर. पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याने प्रवासाचा उद्देश विचारला. मी तोंड उघडण्याआधीच ताईने "ओक" असे उत्तर दिले. त्याने क्षणभर थांबून शिक्का मारला. बाकी दिवस प्रवासातच गेला.

सातवा दिवस : फोर्ट व्हँकुव्हर

कोलंबिया नदीच्या उत्तर काठावरचे हे ठाणे हडसन्स बे कंपनीने १८२४-२५ च्या हिवाळ्यात स्थापन केले. आज पाहायला मिळते ती मूळ जागेवर नव्याने उभारलेली लाकडी तटबंदी आणि इमारती. १८२५ मध्ये डग्लस आला, तेव्हा ठाणे जेमतेम उभे राहत होते. त्याच्या वाट्याला सुरुवातीला तंबू, मग सालींचे खोपटे असा निवारा आला. वनस्पती दाबून वाळवायच्या, बी कोरडे ठेवायचे, आणि ते जहाजातून अर्धी पृथ्वी ओलांडून लंडनपर्यंत न कुजता पोहोचवायचे, हे सगळे त्याला अशा पावसाळी हवेत करायचे होते. दोन दिवसांपूर्वी ज्या नावाचा आम्ही एवढा कीस काढला, त्याच्या मुळाशी असलेले काम किती ओले आणि चिखलाचे होते, हे येथे आल्यावर लक्षात येते.

तटबंदीच्या बाहेर, जुन्या लष्करी वसाहतीच्या बाजूला, आमचे झाड पुन्हा भेटले. सीमा ओलांडल्यामुळे त्याचे नाव बदलले होते. येथे सगळे त्याला 'ओरेगॉन व्हाइट ओक' म्हणतात आणि 'गॅरी ओक' म्हटल्यावर आमच्याकडे पाहुणे म्हणून बघतात. आकारही बदललेला होता. खोल मातीतले हे ओक रुंद, घुमटाकार आणि डौलदार होते. काउइचनच्या कड्यावर बसून मी ज्याची कल्पना केली होती, ते झाड हेच. पाने येथे बेटापेक्षा पुढे गेली होती. त्यांची वरची बाजू गर्द हिरवी आणि तकतकीत झाली होती. ताई बराच वेळ एका झाडाभोवती फिरत राहिली. तिने वहीच्या रकान्यात दुसरे नाव लिहिले आणि त्याखाली पुन्हा एक ओळ मोकळी सोडली. कुणाला विचारायचे, असे मी म्हटल्यावर, ज्यांची भाषा त्यांनाच विचारायचे, अंदाजाने लिहायचे नाही, असे ती म्हणाली.

१८२६ च्या शरदात डग्लस येथून कंपनीच्या एका तुकडीबरोबर विलॅमेट खोऱ्यातून दक्षिणेकडे गेला. साखर पाइन नावाच्या प्रचंड पाइनचा शोध हा त्याचा हेतू होता. वाटेत मैलोगणती जमीन जाळलेली असल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. घोड्यांना चारा मिळेना म्हणून प्रवाशांना ती आग अडचणीची होती. या खोऱ्यातल्या मूळनिवासी कॅलापूया लोकांसाठी मात्र ती कॅमस, ओकची फळे आणि शिकार यांची मशागत होती.

आठवा दिवस : विलॅमेट खोरे

कोर्व्हॅलिसच्या दक्षिणेला विल्यम फिनली यांच्या नावाचे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. ते १९६४ मध्ये मुख्यतः हिवाळ्यात येणाऱ्या एका विशिष्ट रानहंसासाठी स्थापन झाले. परंतु त्याच्या हद्दीत विलॅमेट खोऱ्यातल्या ओकच्या माळरानाचे चांगले तुकडे टिकून आहेत. सुतारपक्ष्यांच्या नावाची एक छोटी गोल पायवाट आम्ही धरली. नाव खोटे नव्हते. ओकची फळे साठवणारे, लाल टोपीचे सुतारपक्षी तेथे खरोखरच होते. ते वठलेल्या खोडात शेकडो भोके पाडून प्रत्येकात एकेक फळ ठोकून बसवतात. वसंतात बरीचशी भोके रिकामी होती. हिवाळा खाऊन झाला होता.

वाटेचा पहिला भाग माळाचा आहे आणि तेथे एकेकटे, पसरलेल्या फांद्यांचे ओक उभे आहेत. पुढे झाडी दाट होते आणि चित्र पालटते. दाट झाडीच्या आतही तसेच पसरट, आडव्या फांद्यांचे म्हातारे ओक दिसू लागतात; पण त्यांच्या खालच्या फांद्या मेलेल्या, शेवाळाने मढलेल्या असतात. असा घेर उघड्या माळावर, चहूबाजूंनी ऊन मिळाल्याशिवाय वाढत नाही. म्हणजे झाड तेथेच राहिले आणि रान त्याच्यापर्यंत चालत आले. १८३० नंतरच्या तापाच्या साथींनी कॅलापूया लोकांपैकी बहुसंख्य दगावले, १८५५ च्या करारानंतर उरलेल्यांना ग्रँड राँडच्या राखीव भागात हलवण्यात आले, आणि आगी थांबल्या. त्यानंतर रुजलेली फरची रोपे कुणी जाळली नाहीत. ओकची उंची वीस-पंचवीस मीटरला संपते. फर सहज त्याच्या दुपटीवर जातो, आणि सावलीत ओक जगत नाही.

ते फर डग्लस फरच होते. या झाडाचे रोजच्या वापरातले नाव डग्लसचे असले, तरी शास्त्रीय नाव स्यूडोत्सुगा मेंझीझी आहे. पहिल्या दिवशी बोटीवरून ज्याच्या नावाची लाल सालीची झाडे पाहिली, तोच हा मेंझीज. डग्लसने ज्या ओकला आपल्या उपकारकर्त्याचे नाव दिले, त्याला डग्लसच्याच नावाचे झाड वरून झाकून मारत होते. मी हे मोठ्याने बोललो तेव्हा ताई हसली. "अरे, झाडांना आपली नावे ठाऊक असती तर भांडणेच झाली असती," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

वाटेच्या शेवटाकडे एक म्हातारा ओक मोकळ्यावर उभा होता. त्याच्याभोवतीचे फर अलीकडेच तोडलेले होते. अशा ओकांना पुन्हा ऊन मिळवून देण्याचे काम या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी चालू आहे. त्याच्या खालच्या फांद्या गेलेल्या होत्या, पण खोडावर, सालीच्या भेगांतून थेट, कोवळ्या फुटव्यांचे झुबके निघाले होते आणि त्यांची पाने फांद्यांवरच्या पानांहून मोठी होती. ताईने चष्मा पुसला, तोडलेल्या फरच्या सर्वांत जाड बुंध्यापाशी गुडघे टेकून बसली आणि बोटाच्या टोकाने वलये मोजू लागली. मी वही धरून उभा राहिलो. मध्येच एकदा चुकल्यामुळे तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एकाहत्तर झाली.